हरवले तात्या, सापडले बाबा

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. त्या रविवारी पार्कात जो गोंधळ झाला त्यात माझी तिळमात्र चूक नव्हती. आमच्या घरात याबद्दल दोन मतं आहेत, एक माझं आणि दुसरं बाकी सगळ्यांचं. म्हणून तर तुमच्यापुढे गाऱ्हाणं मांडायला बसले आहे. तुम्ही परके, तुम्ही तरी सरळ न्याय कराल.

सुरुवात माझ्या आवाजापासून करावी लागेल, कारण सगळं त्याच्यामुळेच झालं. माझा आवाज चांगला आहे. हे मी म्हणत नाही, लोक म्हणतात, मी फक्त नाही म्हणत नाही. शाळेत वक्तृत्वाची ढाल दरवर्षी आमच्याच घरी असायची. माझ्या स्वतःच्या लग्नात कार्यालयाचा माईक बंद पडला, तेव्हा "जेवायला चला हो" ही हाक शालू सावरत मीच दिली आणि पार्किंगमधले ड्रायव्हरसुद्धा उठून आले.

असा आवाज घेऊन मी नवऱ्याच्या मागोमाग परदेशात आले आणि सहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये वॉशिंग मशीनशी बोलत बसले. एक नाही, चांगली दोन वर्षं. नवरा संध्याकाळी यायचा, बूट काढता काढता विचारायचा, "मग, आज काय केलंस?" बिचारा प्रेमानंच विचारायचा. पण रोज त्याच प्रश्नाला सांगण्यासारखं काही नसलं की माणूस आतून कसा वाळत जातो ते मला विचारा. शेवटी मी हट्टाला पेटले. इथल्या भाषेच्या क्लासला गेले, ती भाषा घोटून घोटून पाठ केली, दिसेल तिथे अर्ज टाकले, आणि एक दिवस थीम पार्कातून बोलावणं आलं.

काम कोणतं, तर मुख्य दाराजवळच्या 'हरवलं-सापडलं' काउंटरवर बसायचं आणि माईकवरून घोषणा करायच्या. मुलाखतीला मला एक घोषणा वाचायला दिली. मी वाचली. समोरच्या बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "पुन्हा वाचा, छान वाटतं." तुम्हीच सांगा, असं झाल्यावर माणसानं थोडंसं तरी हवेत जायचं की नाही?

आमचा सुपरवायझर म्हणजे तिशीचा, सडपातळ, गळ्यात कायम शिट्टी. त्यानं पहिल्याच दिवशी नियम सांगितले.

"नाव, आडनाव, कुठे यायचं. संपलं. नावात दोन शब्द, तिसरा नाही. कहाण्या सांगायच्या नाहीत. माईकवर फक्त इथली भाषा. आणि कुणाला घाबरवायचं नाही. पहिला महिना चाचणीचा आहे. घोळ झाला की चाचणी तिथल्या तिथे संपली."

"कळलं," मी म्हटलं. मनात म्हटलं, बाळा, तुला माहीत नाही तुझ्यासमोर कोण उभं आहे.

आता तात्यांची ओळख करून द्यायला हवी. तात्या म्हणजे माझे सासरे. पाटबंधारे खात्यातून इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले, आणि काही महिन्यांसाठी आमच्याकडे राहायला आलेले. माणूस अत्यंत सज्जन. फक्त दोन खोड्या. एक, कुठेही पाणी वाहताना दिसलं की ते कुठून येतं हे बघायला निघतात. आणि दुसरी, कुणी नुसतं नाव-आडनाव घेऊन हाक मारली की त्यांच्या डोक्यात तिडीक जाते. इथे आल्या आल्या त्यांची दाढ दुखायला लागली. दाताच्या दवाखान्यातल्या मुलीनं दारातून त्यांचं नाव आणि आडनाव असं धाडकन पुकारलं. तात्या उठले ते सरळ घरी. "मी काय कोर्टातला आरोपी आहे?" एवढंच म्हणाले. तेव्हापासून ते एकाच बाजूनं जेवतात.

आणि मी काही जुन्या वळणाची नाही हं. जीन्स घालते, नवऱ्याला नावानं हाक मारते, चिडले की त्याहून वाईट हाक मारते. पण तात्यांचं नाव मी कधी घेतलं नाही. लग्नाच्या आधीपासून 'तात्या', ते आजतागायत तात्या. मोठ्या माणसाचं नाव तोंडातून बाहेरच येत नाही, दातांपर्यंत येतं आणि मागे फिरतं. यात हसण्यासारखं काय आहे ते मला समजत नाही. तुम्ही तुमच्या सासऱ्यांना नावानं हाक मारून बघा आणि मग हसा.

तर तो रविवार. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना पार्क फुकट होता, म्हणून नवरा तात्यांना घेऊन आला. दोघांनी लांबून मला हात केला. मी काउंटरमागे इस्त्रीच्या गणवेशात, समोर माईक. तात्यांनी मान डोलावली. मला अगदी भरून आलं.

दुपारपर्यंत मी कमाल केली. एक हरवलेली पर्स मालकिणीला मिळाली, एका बाईला तिचा मुलगा मिळाला, एका मुलाला त्याचा ससा मिळाला. कापडी होता, पण रडणं खरं होतं. सुपरवायझर येऊन म्हणाला, "असंच चालू दे." आणि तेवढ्यात काउंटरचा फोन वाजला. नवरा होता.

"तात्या दिसत नाहीयेत."

"दिसत नाहीयेत म्हणजे?"

"म्हणजे मी दोन मिनिटं मोबाईल बघत होतो. वर पाहिलं तर नव्हते."

"त्यांना फोन कर ना."

"त्यांचा फोन घरी आहे, चार्जिंगला."

"आणि तू? तू कशाला होतास सोबत, शोभेला?"

"आता भांडतेस का घोषणा करतेस?" असं म्हणून त्यानं फोन ठेवला. चूक कुणाची, हे इथेच लक्षात ठेवा.

तात्यांना इथल्या भाषेचा एक शब्द येत नाही, पत्ता पाठ नाही. दूध आणायला कोपऱ्यावर पाठवलं तरी दोन गल्ल्या पुढे सापडतात. मी माईक ओढला, बटण दाबलं, आणि नाव दातांपर्यंत येऊन मागे फिरलं.

घेऊ कसं? सगळ्या पार्कभर, प्रत्येक खांबावरच्या कर्ण्यातून, माझ्या तोंडून सासऱ्यांचं उघडंबोडकं नाव? दवाखान्यातल्या परक्या मुलीनं घेतलं तर त्यांनी दाढ किडू दिली, आणि मी तर सून. मराठीत 'तात्या' म्हणावं तर नियमात बसत नाही. आणि इथल्या भाषेत सासऱ्याला हाक मारायला वेगळा शब्दच नाही, इथे सून सासऱ्याला सरळ 'बाबा' म्हणते. मग मी काय केलं असेल? जे कुठल्याही समंजस बाईनं केलं असतं तेच केलं. त्यांना कळेल तेवढं कळेल, बाकी माझा आवाज तर ओळखतील, असा विचार केला आणि बोलले.

"बाबा, तुम्ही जिथे असाल तिथून कृपया मुख्य दाराजवळच्या काउंटरवर या. तुमची माणसं काळजीत आहेत."

शेवटी आवाजाला किंचित कंप दिला. वक्तृत्वाची सवय, दुसरं काय.

पहिले बाबा धावतच आले. हातात वितळलेलं आइस्क्रीम. "काय झालं माझ्या मुलीला?"

"काही नाही. तुमची मुलगी ती तुमच्या खांद्यावर बसली आहे."

त्यांनी वर पाहिलं, मुलीनं खाली पाहिलं. तेवढ्यात त्यांच्या मागून चौघे आले. मग दहा. मग मी मोजायचं सोडून दिलं. पाण्याच्या घसरगुंडीवरून एक बाबा तसेच चड्डीवर निथळत आले. एका बाबांनी आपली मुलं मोजली, पुन्हा मोजली, आणि घाबरून म्हणाले, "मी दोन घेऊन आलो होतो, ही तीन झाली आहेत." तिसऱ्याचे बाबा त्याच घोळक्यात मागे उभे राहून मूल हरवलं म्हणून गळा काढत होते. आता याला माझी घोषणा काय करणार? ते मूल तर आधीपासूनच चुकीच्या बाबांचं बोट धरून फिरत होतं. उलट माझ्यामुळे सापडलं. पण त्याचं श्रेय कुणी दिलं नाही.

बाबा पळाले म्हणून मागोमाग आया आल्या. आकाशपाळण्यात वर अडकलेले बाबा वरूनच "थांबवा, थांबवा" असं ओरडायला लागले, तेव्हा पाळणा थांबवून एकेकाला उतरवावं लागलं. सगळे माझ्या काउंटरवर वाकून एकच विचारत होते, "माझं मूल कुठे आहे?" आणि निम्म्यांच्या कडेवर मूल होतं.

मी डोकं शांत ठेवलं. चूक दुरुस्त करायची तर ती लगेच, म्हणून पुन्हा बटण दाबलं.

"ज्या बाबांची मुलं त्यांच्याजवळ आहेत त्यांनी कृपया परत जावं. आम्हाला फक्त वयस्कर बाबा हवे आहेत."

यात वाईट काय होतं सांगा. पण परत कुणीच गेलं नाही, आणि वर पिकल्या केसांचे बाबा येऊ लागले. त्यातले एक तर रागानं लाल झाले होते. "मी चाळिशीचा आहे. केस लवकर पिकले म्हणून काय झालं? माझ्या बायकोनं मला पाठवलंय, म्हणाली तुलाच बोलावतायत." त्यांची बायको मागे तोंड दाबून हसत होती. आता त्यांच्या घरातली भांडणंही मीच निस्तरायची का?

एवढ्यात शिट्टी वाजली. गर्दीतून वाट काढत सुपरवायझर आला, मागून धापा टाकत नवरा.

"हे काय चाललंय?" सुपरवायझरनं विचारलं.

"माझे सासरे हरवलेत."

"मग त्यांचं नाव का नाही घेतलं?"

"घेत नाही."

"माहीत नाही?"

"माहीत आहे. घेत नाही."

"विसरलीस?"

"विसरेन कशी? तोंडपाठ आहे. पण घेत नाही."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू हरवलेली मीच आहे. मग नवऱ्याकडे वळला. "तू घे. तुझा बाप आहे ना?"

नवरा एक पाऊल मागे सरकला. "मी? बापाचं नाव? माईकवर?" आणि मला मराठीत म्हणाला, "तूच घे ना, तुझी नोकरी आहे."

बघा. मगाशी म्हणत होते ना मी, चूक कुणाची ते लक्षात ठेवा म्हणून.

सुपरवायझरनं घड्याळ पाहिलं आणि अगदी शांतपणे म्हणाला, "नाव, आडनाव, कुठे यायचं. आत्ता. नाहीतर गणवेश काढून ठेव आणि घरी जा."

माझ्या डोळ्यांसमोर वॉशिंग मशीन गरगर फिरायला लागलं. ते सहाव्या मजल्यावरचं घर, ती खिडकी, आणि संध्याकाळी "मग, आज काय केलंस?" मी डोळे मिटले. तात्यांची मनातल्या मनात माफी मागितली. आणि घेतलं. नाव आणि आडनाव, स्वच्छ, ठणठणीत. त्यांचं नाव काय ते तुम्हाला सांगणार नाही, एकदा घेतलं तेवढं पुरे झालं.

आम्ही वाट पाहिली. कुणी आलं नाही. थोड्या वेळानं मागच्या फाटकावरच्या पहारेकऱ्यानं वायरलेसवर सांगितलं, की एक वयस्कर गृहस्थ आत्ताच बाहेर पडले, काहीतरी पुटपुटत, भयंकर रागात, आणि समोरची बस पकडून गेले.

दूध आणायला गेले तरी चुकणारा माणूस, दोन बस बदलून, कुणाला एक शब्द न विचारता घरी पोचला. आम्ही गेलो तेव्हा बंद दारासमोर पायरीवर बसले होते. मी म्हटलं, "तात्या, चहा टाकू?" तात्या नवऱ्याला म्हणाले, "तिला सांग, चहा नको." मी हातभर अंतरावर उभी होते.

आठवडाभर हेच. तिला सांग मीठ दे. तिला सांग पंखा बंद कर. नवरा मधल्या मधे निरोप पोचवत होता आणि वर मलाच सांगत होता, की तू त्यांना फार दुखावलंस. मी दुखावलं. मोबाईल बघत कोण होतं?

नोकरीतून मात्र मला काढलं नाही. सुपरवायझर म्हणाला, "माईक बंद. पण पाणघोड्याचं काम करणारा आजारी आहे. उरलेली चाचणी त्याच्यात पूर्ण कर." म्हणजे तो भलामोठा, करड्या रंगाचा, गुबगुबीत पोशाख चढवायचा, पार्कभर डुलत फिरायचं आणि मुलांना मिठ्या मारायच्या. नियम एकच. आतून एक अक्षर बोलायचं नाही, पाणघोडा बोलला की नोकरी गेली. एवढं मोठं तोंड असलेला प्राणी, आत मी, आणि बोलायला बंदी. दैवालासुद्धा दुसरं कुणी मिळालं नाही. घरी मी फक्त 'प्राणी विभागात बदली झाली' एवढंच सांगितलं.

नवरा तेव्हा जेवताना मोठ्यानं म्हणालाच होता, "आता पुन्हा काही झालं तर बसायचं घरी." तात्या खाली मान घालून भात कालवत होते.

पुढच्या रविवारी तात्यांना पुन्हा पार्कात यायचं होतं. नवऱ्याला वाटलं राग गेला. राग कसला जातोय, घसरगुंडीचा पंप बघायचा अर्धा राहिला होता. पंप बघून झाल्यावर नवरा त्यांना माझ्याजवळच्या बाकावर बसवून पाणी आणायला गेला. आत कोण आहे ते त्यालाही माहीत नव्हतं. तात्यांनी चष्मा पुसला, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि मराठीत म्हणाले, "बसतो जरा. चालेल ना?"

मी पाणघोड्याची मान हलवली.

"माझी सून इथेच असते. प्राणी विभागात. तुझी साहेब असेल." थोडं थांबून म्हणाले, "बोलत नाही मी तिच्याशी. गेल्या रविवारी तिनं माझं नाव घेतलं. सगळ्या पार्कभर. मी पंपाशी उभा होतो. ऐकलं आणि म्हटलं, वा. इथे आल्यापासून विमानतळावर, दुकानात, दवाखान्यात, सगळ्यांनी माझ्या नावाचा चोथा केलाय. पोरीनं कसं स्वच्छ घेतलं."

पोशाखाच्या आत माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पुसायची सोय नव्हती.

"आणि पुढे ऐकतो तर एकदम आडनाव," तात्यांचा आवाज चढला. "मधे माझा बाप कुठाय? त्या दाताच्या दवाखान्यातही तेच. माझ्या नावात माझ्या बापाचं नाव आहे, ते काय रिकामी जागा भरायला ठेवलंय? चार कोस चालून माझी फी भरायला यायचा तो माणूस. आणि हिनं सगळ्या गावाचे बाप बोलावले, माझाच तेवढा गाळला."

आता तुम्ही सांगा. आठवडाभर "तिला सांग, तिला सांग" ऐकत आलेली, उन्हात शिजत उभी राहिलेली, आणि कारण काय तर हे. माणसानं किती सहन करायचं?

"अहो तात्या, मला दोनच शब्द सांगितले होते हो!"

पाणघोड्याच्या पोटातून ते असं काही घुमलं की शेजारच्या मुलानं भोकाडच पसरलं. आणि शिट्टी वाजली. सुपरवायझर तरातरा येत होता.

संपलं, मी मनात म्हटलं. सहावा मजला.

तात्या माझ्याकडे बघत राहिले. मग शिट्टीकडे बघितलं. भाषा येत नसली तरी साहेब चिडून येतोय म्हणजे काय, हे त्यांनी नोकरीत जन्मभर पाहिलं होतं. ते बाकावरून उठले, माझ्यापुढे आडवे उभे राहिले, स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, दुसऱ्या हातानं नाक चिमटीत धरलं आणि चिरक्या आवाजात मोठ्यानं म्हणाले, "अहो तात्या, मला दोनच शब्द सांगितले होते हो!"

सुपरवायझर जागच्या जागी थांबला. तात्यांनी पुन्हा म्हणून दाखवलं, या वेळी माना वेळावत. रडणारा मुलगा हसायला लागला. सुपरवायझरनं पाणघोड्याकडे पाहिलं, मी गुबगुबीत हात पसरून उभी, मला काय माहीत. शेवटी त्यानं तात्यांना खुणेनं विचारलं, तुम्ही कोण? तात्यांनी नाक सोडलं आणि आपलं नाव सांगितलं, तिन्ही शब्द, सावकाश. आणि मधला शब्द नीट येईपर्यंत त्याच्याकडून तो म्हणवून घेतला.

नोकरी टिकली. त्या संध्याकाळी मी दार उघडलं तर तात्यांनी स्वतः चहा टाकला होता. "बस सूनबाई," म्हणाले. "आज काय केलंस ते विचारत नाही."

मी कप हातात घेतला. मन इतकं भरलं होतं की म्हटलं, "तात्या, तुम्ही अगदी हुबेहूब माझा आवाज काढलात हो."

"त्यात काय अवघड आहे?" तात्या बशीत चहा ओतत म्हणाले. "नाक दाबलं की झालं."